नवरा यूकेला एमएस्सीला, मी आणि मुलगी मागून डिपेंडंट (अवलंबित) व्हिसावर: हे खरंच जमतं का?

सई_मांजलपूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचते आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय.

नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, वय ३२, बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी. मी शाळेत शिकवते. मुलगी चार वर्षांची, सासू-सासरे आमच्याच बरोबर. नवऱ्याला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठातून एक वर्षाच्या एमएस्सीचं ऑफर लेटर आलंय, सप्टेंबरचा इनटेक. डिपॉझिट भरायची तारीख जवळ आलीये. ज्या कन्सल्टन्सीत फाइल चालू आहे तिथल्या बाई म्हणतात, "बेन, चिंता न करो. पहेलां भाई जाय, पछी तमारी ने बेबीनी फाइल मूकीशुं." म्हणजे आधी नवरा जाईल, नंतर आमच्या दोघींची फाइल टाकू. आमच्या दोघींच्या फाइलचे पैसे आत्ताच भरले तर सवलत, असंही सांगितलंय.

माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, आता तिकडे बायको-मुलं नेताच येत नाहीत. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, नियम बदलत असतात, तेव्हाचं तेव्हा बघू. सासरे म्हणतात, त्यांचं रोजचं काम आहे ते, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मला घाई राजीनाम्याची आहे. शाळेला आधी कळवावं लागतं. मुलीच्या सीनिअर केजीची फी भरायची की नाही, तेही यावरच अडलंय. कुणी नक्की सांगेल का?

फतेगंज_कट्टा

सई, आधी डिपॉझिट थांबवा, मग पुढचं वाचा.

मी काही वर्षं याच धंद्यात काउन्सेलर होतो, आता नाही. तुमची मैत्रीण बरोबर आहे. १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कोर्ससाठी यूकेच्या स्टुडंट व्हिसावर जोडीदार आणि मुलं नेता येतात ती फक्त पीएचडीला किंवा संशोधनावर आधारलेल्या उच्च पदवीला. नाहीतर सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याला, तेही कोर्स सहा महिन्यांहून मोठा असेल तर. वर्गात बसून शिकायची एमएस्सी, एमए, एमबीए यात बसत नाही. ही घोषणा मे २०२३ मध्येच झाली होती. त्यामुळे रोज हेच काम करणाऱ्या माणसाला ती माहीत नसणं शक्य नाही.

आता त्या "पछी"बद्दल, म्हणजे "नंतर"बद्दल. तिथंच सगळे अडकतात. हिशोब असा मांडला जातो की भाई एक वर्ष एकटा शिकेल, मग ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर तिथंच राहून काम करायचा व्हिसा) जाईल, तेव्हा तुम्हाला बोलावेल. ग्रॅज्युएट व्हिसावर जोडीदाराला घेता येतं ते तो आधीपासून स्टुडंट व्हिसाचा डिपेंडंट म्हणून तिथं असेल तरच. जो विद्यार्थी असताना डिपेंडंट नव्हता, तो नंतरही त्या वाटेनं येऊ शकत नाही. म्हणजे वर्षभराचा कोर्स आणि पुढचा ग्रॅज्युएट व्हिसा हा सगळा काळ तुम्ही इकडे, ते तिकडे. ग्रॅज्युएट व्हिसा आज दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच मिळणार, पीएचडीवाल्यांचे तीन वर्ष कायम. तुमचे यजमान या सप्टेंबरात गेले तर त्यांचा अर्ज त्या तारखेनंतरच पडेल.

कुटुंब बोलवायची खरी वाट म्हणजे स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीवर मिळणारा व्हिसा. त्यासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी हवी, पदवीच्या पातळीचं काम हवं आणि पगाराची अट पुरी व्हायला हवी. जुलै २०२५ पासून सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना आणि तरुणांना ती ३३,४०० पर्यंत खाली येते. मिळत नाही असं नाही, पण आज त्याच्या भरवशावर तुम्ही राजीनामा द्यावा हे मला मुळीच पटत नाही.

एक काम करा. त्या बाईंना ईमेल करा: "या कोर्सवर पत्नी व मुलीला डिपेंडंट व्हिसा मिळतो का, कृपया लेखी कळवा." आणि डिपेंडंट फाइलच्या नावानं एक रुपयाही देऊ नका.

रावपुरा_काका

माझ्या भाच्यानं वेगळं सांगितलं. त्याच्या ओळखीत एकानं बायकोला टुरिस्ट व्हिसावर नेलं, म्हणे तिथं गेल्यावर बदलून घेतात. सईताईंनी तेही बघावं.

फतेगंज_कट्टा

काका, कृपा करून हे कुणाला सुचवू नका. यूकेत व्हिजिटर म्हणून गेलेल्याला तिथं राहून डिपेंडंट किंवा स्टुडंट व्हिसावर बदल करता येत नाही. सहा महिन्यांच्या आत परत यावंच लागतं. मुलीला तिथल्या सरकारी शाळेत घालता येत नाही, सईंना काम करता येत नाही. आणि खरा हेतू राहण्याचा असताना "फिरायला चाललो" असं अर्जात लिहिणं ही फसवणूक ठरते. ते पकडलं गेलं तर दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि पुढं दुसऱ्या देशाच्या फॉर्मवरही आधीचा नकार लिहावा लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर खरोखर भेटायला जाणं, तिकडे राहून परत येणं, याला कुणाची ना नाही. व्हिजिटर व्हिसा त्यासाठीच असतो.

रावपुरा_काका

बरं झालं लिहिलंत. भाच्यालाही हे वाचायला देतो.

खातेवही

पेशानं सीए. व्हिसाच्या बाकी गोष्टीत पडत नाही, पैशाच्या बाजूनं लिहितो, कारण बडोद्यात जास्त फाइली तिथंच आपटतात.

एकटे जाणार असले तरी यूकेसाठी राहणीखर्च दाखवावा लागतो. ११ नोव्हेंबर २०२५ पासून तो लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. लंडनबाहेर म्हणजे १०,५३९ पौंड झाले, अधिक पहिल्या वर्षाची न भरलेली फी. हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार) वेगळा, वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या कोर्सला व्हिसा थोडा पुढपर्यंत मिळतो म्हणून तो दीड वर्षाचा धरतात: १,१६४ पौंड, अर्ज करतानाच.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी आणि स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतली हवी. या २८ दिवसांत एकाही दिवशी शिल्लक खाली गेलेली चालत नाही. माझ्याकडच्या एका मुलाचं सगळं व्यवस्थित होतं. वडिलांच्या खात्यातून विम्याचा हप्ता आपोआप वळता झाला आणि शिल्लक काहीशे रुपयांनी कमी पडली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पैसे भरलेही, पण रिफ्युजल आलं. म्हणून मी सांगतो, फंडाचं खातं वेगळं उघडा. त्यावर ना हप्ता, ना ईएमआय, ना यूपीआय. पौंडाचा भाव रोज हलतो, तेव्हा वर थोडी रक्कम जास्त ठेवा.

पैसे कुणाचे चालतात? विद्यार्थ्याचे स्वतःचे आणि आई-वडिलांचे, नात्याचा पुरावा व संमतिपत्र जोडून. मामा, काका, मोठा भाऊ, सासरा यांच्या खात्यातले चालत नाहीत. आपल्याकडे "मामा दाखवतील" असं सर्रास म्हणतात. मग मामांनी मुलाच्या खात्यात पैसे द्यायचे आणि २८ दिवस तिथं राहू द्यायचे. मुदत ठेव चालते, मोडून लगेच हाती येणारी असेल तर. शेअर आणि पीएफ धरत नाहीत. सोनं तर नाहीच.

बाहेर पैसे पाठवताना टीसीएसचं (बँक आधीच कापून घेते तो कर) विचारतात सगळे. मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस नाही. स्वतःच्या पैशातून पाठवलंत तर वर्षाला १० लाखांपर्यंत नाही. त्यावर कापला गेला तरी रिटर्नमध्ये वळता होतो.

सई_मांजलपूर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा नवऱ्याला आणि सासऱ्यांना वाचून दाखवला. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ईमेल कर. तर आज केली आहे.

नवऱ्याचं आता असं म्हणणं आहे की जायचं तर तिघांनी, नाहीतर नाही. यूकेवरच अडून बसायचं नाही. तर जिथं बायको-मुलाला नेता येतं असे देश कोणते, आणि तिथं मला काम करता येईल का? एकाच्या पार्टटाइमवर तिघं जगू शकत नाही, हे आम्हाला कळतं.

हॅलिफॅक्सहून_बडोदेकर

मूळचा कारेलीबागचा, कॅनडात शिकलो, इथंच नोकरी. बायको माझ्यामागून ओपन वर्क परमिटवर (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) आली होती. तेव्हाचे नियम आता राहिले नाहीत, म्हणून जुन्या लोकांचे अनुभव ऐकून ठरवू नका, माझासुद्धा नाही.

आजची स्थिती सांगतो. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट मिळतं ते विद्यार्थी १६ महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्सला असेल, पीएचडीला असेल किंवा ठरावीक व्यावसायिक पदव्यांना असेल तरच. डिप्लोमा, पीजी सर्टिफिकेट, कॉलेजचे दोन वर्षांचे कोर्स यांतून जोडीदाराला काहीच मिळत नाही. आणि हा १६ महिन्यांचा आकडा फार महत्त्वाचा. १२ महिन्यांची मास्टर्स घेतलीत तर पदवी तीच, पण बायको घरी बसणार. एजंट बरेचदा छोटा कोर्स पुढं करतात, फी कमी म्हणून. तुमच्या बाबतीत दोन वर्षांचा कोर्स फीनं महाग आणि हिशोबानं स्वस्त पडेल, कारण सईताई पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ कमावू शकतील. विद्यार्थ्याला स्वतःला सत्र चालू असताना आठवड्याला २४ तासच बाहेर काम करता येतं.

खात्यात दाखवायच्या फंडाचा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर आणि तिघांच्या कुटुंबाला ३५,०४० डॉलर आहे, फी आणि प्रवास सोडून. एसडीएस (स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम) ही स्टडी परमिटची जलद रांग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तिच्या नावानं कुणी पैसे मागितले तर उठून या. सरकारी विद्यापीठातल्या मास्टर्सला १ जानेवारी २०२६ पासून प्रांताचं अटेस्टेशन लेटर (प्रांत सरकारचं मान्यतापत्र) लागत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

स्टडी परमिट, वर्क परमिट आणि मुलीचा व्हिसा, तिन्ही अर्ज एकत्र करता येतात. एकत्र टाकले की अधिकारी सगळं कुटुंब एकदम बघतो, आणि "हे परत कशाला जातील" ही शंका त्याला जास्त येते. म्हणून एसओपीमध्ये (हा कोर्स का करायचा ते सांगणारं निवेदन) नवऱ्याचं आत्ताचं काम, हा कोर्स आणि पुढचं काम यांचा सांधा नीट जुळलेला दाखवा. दुसऱ्याचा एसओपी उतरवून देतात तसला नको. मकरपुऱ्याच्या कारखान्यात तो नेमकं कोणतं मशीन बघतो, तिथं काय अडतं आणि या कोर्समधला कोणता विषय त्याला लागतो, हे त्यानं स्वतः लिहावं.

विश्वामित्री

सई, मी अमेरिकेचं सांगते, कारण तिकडचं स्वप्न सगळे दाखवतात आणि बायकोचं पुढं काय होतं ते कुणी सांगत नाही.

नवरा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर, मी आणि मुलगा एफ-२ (विद्यार्थ्याचं कुटुंब) व्हिसावर गेलो. व्हिसा मिळायला तेवढी अडचण आली नाही. विद्यापीठानं तिघांचे वेगवेगळे आय-२० (व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रमाणपत्र) दिले, मुंबईला बीकेसीत मुलाखत झाली. मुलगा तिथल्या सरकारी शाळेत मजेत रमला. पण एफ-२ वरच्या जोडीदाराला काम करायला परवानगी नाही. पार्टटाइम नाही, कॅम्पसवर नाही, कुणाची मुलं सांभाळून पैसे घेणंही नाही. नवऱ्याला नंतर ओपीटीवर (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी) नोकरी लागली तरी मी एफ-२ च राहिले. पदवीकडे नेणारं शिक्षण पूर्ण वेळ घ्यायचं तर स्वतःचं एफ-१ करावं लागतं, एफ-२ वर अर्धवेळच.

मी इकडे बँकेत होते. तिथं मला नवऱ्याकडे भाजीला पैसे मागायला लागायचे. तो चांगलाच आहे, कधी नाही म्हणाला नाही, पण ते रोजचं मागणं मला जड गेलं. तुम्ही आज कमावत्या आहात. "मला काम करता येईल का" हा प्रश्न तुम्ही विचारलात, तोच यादीत सर्वांत वर ठेवा. लोक म्हणतील, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. त्यांना म्हणू द्या.

यारा_काठ

मेलबर्नहून. ऑस्ट्रेलियात स्टुडंट व्हिसावर (सबक्लास ५००) मास्टर्सवाल्याच्या जोडीदाराला कितीही तास काम करता येतं. विद्यार्थ्याला स्वतःला पंधरवड्याला ४८ तास. पण खर्चाला छाती लागते. १ जुलै २०२५ पासून मुख्य अर्जाची फी २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, नकार आला तर परत नाही. फंडात विद्यार्थ्याचे २९,७१०, जोडीदाराचे १०,३९४, मुलाचे ४,४४९, आणि शाळेच्या वयाचं मूल असेल तर वर्षाला १३,५०२ डॉलर वेगळे. विमाही कुटुंबाचा.

दोन गोष्टी नीट बघा. कुटुंब मागून येणार असलं तरी पहिल्या अर्जात त्यांची नावं लिहावीच लागतात, राहून गेली तर नंतर आणणं फार अवघड. आणि शिक्षणानंतर तिथं राहून काम करायच्या ४८५ व्हिसाला जुलै २०२४ पासून ३५ वयाची मर्यादा आहे. यजमान ३२ चे. दोन वर्षांचा कोर्स या वर्षी सुरू झाला तर बसेल, एक-दोन इनटेक सोडले तर हातचं जाऊ शकतं.

सुरसागर

जर्मनी कुणी सांगितलं नाही म्हणून. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्या लोकांना सत्राला १,५०० युरो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो. भारतीयांना एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा दाखला) लागतं. जोडीदाराला तिकडे काम करता येतं, पण यायच्या आधी साधारणपणे ए-१ (अगदी प्राथमिक) पातळीचं जर्मन, पुरेसं मोठं घर, विमा आणि तिघांच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. त्यामुळे बहुतेक जण आधी एकटे जातात आणि घर मिळाल्यावर बोलावतात. तिथलं "पछी" मात्र कायद्यात बसतं.

दांडियाबाजारच्या_आजी

मी नातवाला सांगून लिहून घेतेय. सगळ्यांचे आकडे वाचले, माझा त्यातला अभ्यास नाही.

सईबाई, आपल्या बडोद्यातून शिकायला बाहेर जाणं नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. बाबासाहेब तिकडे शिकत होते तेव्हा रमाबाई लहानग्या यशवंताला घेऊन मुंबईत दिवस काढत होत्या. आमच्या घरात ही गोष्ट सांगताना माझी आई नेहमी रमाबाईंचं आधी सांगायची. मागं राहणाऱ्या बाईचं कुणी लिहून ठेवत नाही, असं ती म्हणायची.

एक विचारते. तुमचे सासू-सासरे इथं एकटे राहणार, त्यांची सोय काय? त्यांच्याशी बोललात का?

सई_मांजलपूर

आजी, नमस्कार. बोलले. नणंद वाघोडिया रोडला राहते, ती रोज येऊन जाईल म्हणाली. सासूबाईंना मुलीशिवाय करमणार नाही हे त्या तोंडावर सांगत नाहीत, पण मला दिसतं. ते मी हलकं धरत नाहीये.

बाकीच्यांना: कन्सल्टन्सीनं ईमेलला उत्तर दिलं नाही. फोन आला. "लिखितमां न अपाय, ऑफिस आवो." (लेखी देता येत नाही, ऑफिसला या.) मग नवरा स्वतः जाऊन ओरिजिनल मार्कशीट आणि पासपोर्ट परत घेऊन आला. यूकेचं डिपॉझिट भरलं नाही, तो कोर्स सोडला.

कॅनडाचा दोन वर्षांचा मास्टर्स हा आमचा पहिला विचार, ऑस्ट्रेलिया दुसरा. आता कागदांचं विचारायचं आहे. आमचं मॅरेज सर्टिफिकेट गुजरातीत आहे. त्यात माझं नाव लग्नाआधीचं, पासपोर्टवर सासरचं. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात नुसतं "सई", आडनाव नाही. हे चालेल का?

फतेगंज_कट्टा

चालवता येईल, पण फाइल टाकण्याआधी दुरुस्त करा. नंतर खुलासे देत बसण्यापेक्षा ते बरं. गुजराती दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह करून मूळ प्रतीबरोबर जोडा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच व्यक्तीचं, असं ॲफिडेव्हिट करा, आणि जुना पासपोर्ट असेल तर त्याची प्रत द्या. मुलीच्या दाखल्यात आईचं पूर्ण नाव महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून घालून घ्या, तिचा पासपोर्ट काढायलाही तेच लागेल. लग्नाचे, मुलीच्या बारशाचे, एकत्र प्रवासाचे फोटो आणि दोघांचं एकत्र खातं असेल तर त्याचं स्टेटमेंट ठेवा. लग्न खरं आहे हे अधिकाऱ्याला कागदावरूनच कळणार.

आणि राजीनामा व्हिसा हातात आल्यावरच. सीनिअर केजीची फी भरून टाका.

सई_मांजलपूर

फी आजच भरली. जन्मदाखल्याचं काम सोमवारी.

@हॅलिफॅक्सहून_बडोदेकर, एक शेवटचं. कोर्स १६ महिन्यांहून मोठा आहे हे अधिकारी कशावरून धरतात? विद्यापीठाच्या साइटवर "१६ ते २४ महिने" असं लिहिलंय.

हॅलिफॅक्सहून_बडोदेकर

साइटवर विसंबू नका. ॲक्सेप्टन्स लेटरवर कोर्सची लांबी आणि सुरू-संपायच्या तारखा असतात, त्या बघा. तुमच्यासारखं "ते" लिहिलेलं असेल तर ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून नवऱ्याच्या प्रवेशाची नेमकी लांबी महिन्यांत लिहिलेलं पत्र मागवा आणि तुमच्या वर्क परमिटच्या अर्जाला जोडा. विद्यापीठं असं पत्र देतात. मसुदा हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, आज रात्री पाठवतो.